पुलाआधीची पट्टी

त्या रिळात आई नव्हती, म्हणून ते विकताना मला फारसं जड गेलं नाही. असती तर विकलंच नसतं. दादाचंही म्हणणं तेच होतं.

आई गेल्यावर तिचं घर रिकामं करायला आम्ही दोघं भावंडं काही दिवस तिथे राहिलो. माळ्यावर बाबांच्या फिल्मांचे डबे होते. बाबा बंदराच्या कचेरीत नकाशे काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी किल्ली देऊन चालणाऱ्या कॅमेऱ्याने आमच्या फिल्मा काढायचे. दादाची सायकल, माझं पडलेले दात दाखवत हसणं, शेजारच्यांची गाडी, समुद्र, पुन्हा दादाची सायकल. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं माळ्यावर ओल येत होती. डबा उघडला की आंबूस वास यायचा आणि आत वेटोळ्यांची वडी झालेली असायची. एकेक डबा उघडून, हुंगून, आम्ही बाजूला ठेवत गेलो. शेवटी दादा म्हणाला, "वाळवे, हे सगळं गेलं गं." मी लहानपणापासून पुस्तकांत तोंड घालून बसायची, म्हणून मी वाळवी. पन्नाशी आली तरी त्याने ते नाव सोडलेलं नाही.

एकच रीळ शाबूत होतं, कारण ते माळ्यावर नव्हतं. आईच्या कपाटात, कोरड्या बिस्किटाच्या डब्यात, जुन्या सुती फडक्यात गुंडाळलेलं होतं. झाकणावर बाबांच्या नकाशातल्या अक्षरात लिहिलं होतं: पूल, रंगीत. हे एकच रीळ तिने खाली का आणून ठेवलं असेल, असा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. आम्हाला पडला तो असा, की याचं करायचं काय.

"ठेवून काय करशील?" दादा म्हणाला. "प्रोजेक्टर तर बाबांच्याही आधी गेला."

"पूल आहे त्यात. फिरता पूल."

"मग ज्यांना पूल हवाय त्यांना दे. आपल्याला आई हवी होती, ती काय बाबांच्या कॅमेऱ्याला सापडली नाही."

ते खरंच होतं. आईचे फोटो होते. लग्नातला, ओळखपत्रावरचा, नातवाला मांडीवर घेतलेला. पण हलणारी आई कुठेच नव्हती. तिची चाल, मान वळवायची लकब, बोलताना ओल्या हाताने केस मागे सारणं, यातलं काहीही कुठे उरलेलं नव्हतं, आणि ती गेल्यावर काही आठवड्यांतच माझ्या डोळ्यांसमोरची आई फोटोतल्यासारखी स्थिर होऊ लागली होती. मला त्याचीच भीती वाटत होती. त्या रिळात कुठेतरी, गर्दीत का होईना, ती असेल तर मला ती हवी होती. नसेल तर पूल कोणीही घ्यावा.

फिल्मा धुऊन आल्या की स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांची काटछाट व्हायची. ते काम आईचं. ती एका पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होती. संध्याकाळी यायची तेव्हा नखांच्या कडांना वाळलेली खळ असायची. पात्यावर आणि डिंकावर तिचा हात बसलेला होता. बाबा छोट्या भिंगाच्या यंत्रातून फिल्म सरकवत जायचे आणि ती शेजारून बघत निवाडा द्यायची.

"हा हललाय, काढा. हा अंधारलाय. ही मी. काढा."

"राहू दे ना. छान आली आहेस."

"घरात आहे ना मी? मग पडद्यावर कशाला?"

"घरात असतेस ती पाठमोरी."

"मग पाठीशी बोला. ऐकू येतं मला."

बाबा हसायचे आणि पातं तिच्याकडे द्यायचे. बाबांनी कॅमेरा तिच्याकडे वळवला की तिचा हात वर यायचा, तळवा पुढे, आणि चित्र झाकलं जायचं. असा प्रत्येक तुकडा ती स्वतः कापून काढायची. मग दोन टोकं खरवडायची, ब्रशने द्रावण लावायची, अंगठ्याने दाबून धरायची. बाबांनी केलेले जोड दाखवताना सुटायचे. आईचा एकही सुटला नाही.

दाखवायच्या दिवशी दादा भिंतीवर चादर ताणायचा आणि मी दिव्याच्या बटणापाशी उभी राहायची. मी खोली अंधारी करायची, बाबा यंत्र सुरू करायचे. पण यंत्रातला दिवा ते लगेच लावत नसत. आधी फिल्मच्या तोंडाशी जोडलेली एक पट्टी अंधारातच खडखडत पुढे जाऊ द्यायचे. ती गेली की दिवा, आणि मग भिंतीवर समुद्र. ती पट्टी कसली असते, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "ती फाटायला असते. मशीन आधी तिला खातं, म्हणून मागचं वाचतं." मी समजले, कोरी असणार.

रीळ घेणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर होते. दवाखाना बंद केलेला, पण खुर्ची अजून खोलीच्या मधोमध तशीच, आणि हत्यारांच्या काचेच्या कपाटात आता फिल्मांचे डबे. त्या फिरत्या पुलाच्या नादी लागलेली काही मंडळी होती. कोणाकडे त्याचे फोटो, कोणाकडे तिकिटं, एकाकडे म्हणे कठड्याचा खराखुरा तुकडा. त्या सगळ्यांच्या वतीने डॉक्टर बघायचे आणि घ्यायचे.

"बसा ना," त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "त्या खुर्चीत नका बसू. सवयीने तोंड उघडायला सांगतील."

"अहो, पाहुण्यांसमोर तरी."

"पाहुण्यांसमोरच. एरवी ऐकता कुठे? गावाचे दात काढून झाले, आता गावाच्या फिल्मा काढताहेत."

डॉक्टरांनी रीळ दोन्ही हातांनी उचललं, कानाशी नेलं, हलकेच दाबलं, हुंगलं. मग यंत्रावर चढवलं. पत्नींनी पडदे ओढले. पहिली पट्टी त्यांनीही दिवा न लावताच पुढे जाऊ दिली. तो खडखडाट ऐकताना माझा हात आपोआप भिंतीकडे गेला. तिथे बटण नव्हतं.

मग पूल आला. नदीच्या मधोमध दगडी खांब, त्यावर लोखंडी पूल, आणि दोन माणसं लांब दांड्याला रेटा देत गोल चालताहेत. पूल इतका हळू वळत होता की आधी वाटलं नदीच वळते आहे. एक नाव शीड उतरवून मधून निघून गेली. काठावर लोक उभे होते. दादा कठड्याला लोंबकळलेला, मी त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलेलं. जमिनीवर बाबांची सावली, कोपर बाहेर काढलेली.

"हिरवा!" डॉक्टर अंधारात म्हणाले. "बघितलंत? हिरवाच होता. आमच्यात एक जण आहे, वर्षानुवर्षं म्हणतोय करडा. आता बघतो त्याच्याकडे."

मी पुलाकडे बघत नव्हते. मी काठावरच्या बायकांकडे बघत होते. एकीच्या हातात पिशवी होती, एक उन्हामुळे डोळे बारीक करत होती, एक पाठमोरी होती, तिच्यासाठी मी फिल्म थांबवायला लावली. ती आई नव्हती. आईचे खांदे मी ओळखते. कठड्यावर सावल्या पडल्या होत्या, त्याही बघितल्या. फिल्म संपली, टोक फटफटत राहिलं, पत्नींनी पडदे उघडले.

"कोणाला शोधत होतात?" त्यांनी विचारलं.

"आईला. पण ती कॅमेऱ्यापुढे यायचीच नाही."

"शहाणी होती. आमच्याकडे बघा, सगळ्या फिल्मांत मी चहाच नेते आहे."

व्यवहाराचं बोलणं लवकर आटोपलं. घासाघीस करायची दोघांनाही लाज वाटत होती. निघताना डॉक्टर रिळाचं तोंड बोटांत धरून म्हणाले, "फिल्म उत्तम आहे, ही पुढची पट्टी मात्र पार गेली. कडेची भोकं फाटली आहेत. अडकली तर मागचंही चिरेल. नवी लावतो. चालेल ना?"

"लावा की," मी म्हटलं. "त्यात काय विचारायचं."

मी चपला घालत होते. वळून बघितलंही नाही.

मी वाचनालयात काम करते. काही आठवड्यांनी एक वाचक पाठ उसवलेलं जुनं पुस्तक घेऊन आले. दुरुस्तीला पाठवण्याआधी मी ते टेबलावर ठेवून पुठ्ठा जरा उचलला. पाठीच्या आत, शिवणीवर, कागदाची लांब पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर छापील ओळी होत्या. कुठल्यातरी जुन्या जाहिरातीच्या, उलट्या आणि मध्येच तुटलेल्या. असं मी पुष्कळदा पाहिलं होतं. पहिल्यांदा आईच्याच कारखान्यात. शाळा लवकर सुटली की मी तिथे जाऊन बसायची. बिघडलेले छापील ताव ती लांब पट्ट्यांत कापायची, त्यांना खळ लावायची आणि पुस्तकांच्या पाठीला आतून चिकटवायची. "याला कोरा कागद कशाला?" ती म्हणायची. "रद्दी आहे ना. आतच राहणार, कोण बघतंय? पण हिच्याशिवाय पुस्तक उभं राहत नाही."

पुठ्ठा हातात तसाच धरून मी आमच्या स्वयंपाकघरातलं ते टेबल आठवू लागले. भिंगाचं यंत्र होतं, पातं होतं, ब्रशची बाटली होती. कचऱ्याची टोपली नव्हती. कापलेले तुकडे एका बशीत पडायचे, सुरळी होऊन. आणि सगळं झाल्यावर आई ते एकेक उचलायची, दोन बोटांमधून सरळ करायची आणि एकाला एक जोडायची. मी ते बघितलं होतं. बाबा पुढच्या पट्टीसाठी दुकानातून कोरी फिल्म आणायची म्हणाले की ती म्हणायची, "घरात आहे की." आमच्या घरात जुन्या चादरीचं फडकं व्हायचं, फडक्याचं पायपुसणं व्हायचं, आणि पायपुसण्याचंही पुढे काहीतरी व्हायचं. तिने आयुष्यात काही टाकलं नव्हतं. हे मला सगळ्यांत आधी माहीत होतं, आणि तरी मी समजत होते की स्वतःला तिने टाकून दिलं असेल.

मी डॉक्टरांना फोन केला.

"ती जुनी पट्टी आहे का हो तुमच्याकडे? पुढची?"

"कुठली? तुमच्या पुलाची? छे हो, टाकली ती लगेच. का?"

"काय होतं तिच्यावर?"

"नीट बघितली नाही. झिजलेली होती फार. चार-पाच तुकडे जोडलेले होते." ते थांबले. "चित्रं होती, हो. बाई होती बहुतेक. आणि हात. दर तुकड्यात हात पुढे यायचा. म्हटलं, खराब शॉट असतील, म्हणून पट्टीला वापरले." मग तेच एकदम म्हणाले, "अहो, तुम्ही या. लगेच या."

मी गेले तेव्हा दोघं दारातच उभे होते. पत्नींनी न विचारता सांगितलं की कचरा रोज जातो, आणि त्या दिवसाचाही गेला होता. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. डॉक्टर मला आत घेऊन गेले. खुर्चीवरचा दवाखान्याचा दिवा त्यांनी खाली ओढला आणि रिळाचं तोंड त्याखाली धरलं. नवी पांढरी पट्टी, स्वच्छ, दुकानातली.

"सगळी गेलेली नाही," ते म्हणाले. "तुमचा फोन आल्यावर काढून बघितलं. जिथे ती पट्टी मूळ फिल्मला जोडली होती ना, तो जोड मला मोडवला नाही. इतका चांगला जोड मी फार थोडे बघितलेत. म्हणून त्याच्या थोडं अलीकडे कापलं. कोणी केला होता?"

"आईने."

त्यांनी मान हलवली आणि भिंग माझ्या हातात दिलं. पांढरी पट्टी आणि पूल यांच्यामध्ये चार बोटांएवढा जुना तुकडा उरला होता. नखाएवढी चित्रं एकाखाली एक. मला आधी काही कळेना. मग कळलं की तो तळवा आहे. खालच्या चित्रांत तो सगळं व्यापून होता, वरच्या चित्रांत जरा लहान, बाजूला खिडकीची चौकट आणि फिकट निळी बाही. चेहरा हवा होता तिथून वर डॉक्टरांची पांढरी पट्टी सुरू होत होती.

"रीळ माझ्या एकट्याचं असतं तर आत्ता परत दिलं असतं," डॉक्टर म्हणाले. "मंडळींनी मिळून घेतलंय. पण एवढा तुकडा तुमचाच आहे, त्याला कोणी हरकत घेणार नाही. काढून देतो. दोन काचांमध्ये बसवून देतो हवं तर."

"आधी चालवून बघता येईल? दिवा लावून."

"सेकंदभर दिसेल फक्त."

"चालेल."

"आणि परत परत नाही चालवता येणार. तुकडा नाजूक आहे."

पत्नींनी पडदे ओढले आणि मला म्हणाल्या, "बटण तिकडे आहे, दाराशी. बंद करता का?" मी दाराशी गेले. खोली अंधारी केली. या वेळी दिवा पहिल्यापासून लागला. भिंतीवर नुसता पांढरा उजेड, मग खिडकी, निळी बाही आणि आईचा हात.

हात वर आला. पण सरळ नाही आला. अर्ध्यात किंचित मागे गेला, बोटं मिटल्यासारखी झाली, आणि मग तो उघडून पुढे आला आणि सगळं झाकून टाकलं. अंगठ्याच्या नखाशी पांढरं होतं. मग पूल. हिरवा, हळू वळणारा.

डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. मी बटणावर हात ठेवून तशीच उभी होते, आणि काही वेळाने पत्नींनीच येऊन दिवा लावला.

"काढून देऊ?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या हातात पातं होतं, दवाखान्यातलं, लहान.

मी त्या तुकड्याकडे बघितलं. काचेत बसवला असता तर माझ्या टेबलावर एक तळवा राहिला असता. वीसेक तळवे, एकाखाली एक, सगळे स्थिर. स्थिर आई माझ्याकडे होती. हात मागे गेला होता हे मला त्या चित्रांत भिंगातूनही दिसलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "आहे तिथे असू दे. तुम्ही जपाल."

"जपेन. तुम्ही केव्हाही येत जा. कधीतरी, सांभाळून, लावता येईल."

"एक विनंती होती. तुमच्या मंडळींना दाखवाल तेव्हा यंत्रातला दिवा पूल आल्यावरच लावा."

"म्हणजे हे कोणाला दिसणारच नाही."

"हो. आमच्या घरी तसंच दाखवायचे."

डॉक्टरांनी पातं खाली ठेवलं. पत्नी म्हणाल्या, "मी लक्ष ठेवीन. यांना दिवा लावायची घाई फार." आणि माझ्या हातावर हात ठेवून त्या आत चहा टाकायला गेल्या.

घरी आल्यावर दादाला फोन लावला. सगळं सांगितलं: पुस्तकाची पाठ, बशीतले तुकडे, पट्टी.

"दिसली का?" शेवटी त्याने विचारलं.

"हात दिसला."

"तोच ना? नको म्हणणारा."

"तोच. पण दादा, आधी तो थोडा मागे गेला. एवढासाच. जाऊ दे म्हणावं, असं तिच्या मनात आल्यासारखा. मग पुढे आला."

पलीकडे त्याच्या घरातला नळ चालू होता, तो कोणीतरी बंद केला.

"वाळवे, आणि त्याच्या आधी?" त्याने विचारलं. "हात वर यायच्या आधी ती काय करत होती? बाबांकडे बघत होती का? हसत होती?"

"ते नव्या पट्टीच्या जागी होतं," मी म्हटलं. "त्यांनी मला विचारलं होतं, दादा. लावू का म्हणून."